उंबऱ्यावरचा नान

आमच्या गावात कुणाच्याही दारात पाऊल टाकलं की नान चाखल्याशिवाय परत फिरता येत नाही. तुम्ही काडेपेटी मागायला आलेले असा, नाहीतर भांडायला. घरची बाई गोल नान पुढे करते, "चाखा तरी," म्हणते, आणि तुम्ही मुकाट्याने तुकडा मोडता. न चाखता निघालात तर त्या घराशी वैर धरल्यासारखंच. आणि मी, सैराकुल, पडले गावची नर्स. सकाळपासून माझं कामच लोकांच्या उंबऱ्यावर. याला इंजेक्शन, तिचं ब्लडप्रेशर, कुणाच्या बाळाचं वजन. प्रत्येक उंबऱ्यावर नान, नानावर लोणी, लोण्यावर जर्दाळूचा मुरंबा. आता माझं काय होणार होतं? जे व्हायचं तेच झालं.

गेल्या उन्हाळ्यात बुरुलला भेटायला निघाले होते. बुरुल माझी एकुलती एक मुलगी, लग्न करून मेंढपाळांच्या घरी गेलेली. उन्हाळाभर ती मंडळी वर जायलूवर, डोंगरातल्या कुरणावर, तंबू ठोकून राहतात. तिथे गाडी जात नाही, घोडाच लागतो. काळ्या दगडाच्या चढावर आमचा घोडा तोरू थांबला, पाय थरथरले, आणि चक्क माझ्यासकट खाली बसला. बुरुलच्या सासरचे लोक आम्हाला घ्यायला तिथवर आले होते. माझा नवरा मुकाश सगळ्यांसमोर म्हणाला, "तोरू म्हणतोय, आता एक तर मी, नाहीतर ही!"

सगळे हसले. मीही हसले, काय करणार? आणि तिथून पायी खाली परतले. मुलीचं सासरचं घर काही त्या वर्षी दिसलं नाही.

हिवाळ्यात बुरुलला दिवस गेल्याचं कळलं. बाळ मे महिन्यात जिल्ह्याच्या दवाखान्यात होणार, आणि त्याचे चाळीस दिवस भरायच्या वेळी सगळे जायलूवर असणार. चाळिसाव्याला बाळ पाळण्यात घालतात आणि पाळणा आणायचा तो मुलीच्या आईने. आमचा पाळणा भूर्जाच्या लाकडाचा आहे. माझी आई त्यात वाढली, मी वाढले, बुरुल वाढली. दांडीवर माझ्या दातांच्या खुणा आहेत. तो पाळणा घेऊन वर जायचं सुख मी मनात घोळवत होते, तेवढ्यात विहीणबाईंचा फोन आला. सादात तिचं नाव, जीभ सुरीसारखी.

"पाळण्यासाठी तुम्ही त्रास घेऊ नका हो, विहीणबाई. आमचा धाकटा खाली येईल आणि घेऊन जाईल. बिचाऱ्या घोड्याला कशाला शिक्षा!"

वर खुदकन हसली. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग राग आला. रडण्यापेक्षा राग मला जास्त मानवतो.

"अहो," मी मुकाशला म्हटलं, "पाळणा माझ्या खोगिरावरून जाईल. नाहीतर जाणार नाही."

"आणि तू कशावरून जाशील? उंट बघू का?"

दुसऱ्याच दिवशी मी जिल्ह्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. पोरगी माझ्या बुरुलच्या वयाची, पण बोलणं स्वच्छ. रक्त तपासलं आणि म्हणाली, साखर काठावर आहे. मला सगळे एजे म्हणतात, म्हणजे ताई; म्हणाली, एजे, दुपारच्या जेवणापासून दिवेलागणीपर्यंतच खायचं, बाकी वेळ पाणी आणि बिनसाखरेचा चहा. नान बंद, शेवया बंद, बटाटा बंद, मुरंबा तर बंदच बंद. मटण खा, अंडी खा, दही, कोबी, मुळा खा, पोट भरून खा. चक्कर आली तर उपास सोडा आणि मला फोन करा. मीच लोकांना असलं सांगत आले होते, पण स्वतःला ऐकून घेताना वेगळंच वाटतं.

घरी सुरू झालं. सकाळी मुकाश माझ्यासमोर गरम नान मोडायचा आणि डोळे मिचकावायचा.

"रोजे तर कधीच संपले. हे कुठल्या महिन्याचे धरलेस?"

"तुमच्या जिभेला कुलूप लागावं म्हणून धरलेत."

पहिले काही दिवस डोकं इतकं दुखलं की भिंतीशीही भांडले असते. मग ते ओसरलं. सकाळची भूक येते, थोडा वेळ दारात उभी राहते आणि कंटाळून निघून जाते, हे मला कळलं. जेवायला बसले की मटण आणि कोबी अशा चवीने खायची की मुकाशही माझ्या ताटात डोकवायचा. पण महिना उलटला आणि दवाखान्याचा काटा जागचा हलला नाही. मी तडक डॉक्टरीणबाईंकडे गेले. "तुमचं शास्त्र शहरातल्या बायकांसाठी असेल," मी म्हटलं. "आमच्या हाडाला ते लागू पडत नाही."

तिने शांतपणे विचारलं, "पेशंटच्या घरी काय खाता?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"नान चाखते, तेवढंच. ते काय खाणं आहे का? तो मान असतो."

ती हसली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, "उद्या एक करा. प्रत्येक घरी जेवढा तुकडा तोंडात घालाल, घरी आल्यावर तेवढाच आपल्या नानाचा मोडून ताटात ठेवा. लोण्यासकट."

दुसऱ्या संध्याकाळी मी ताट मांडलं. उलकान-आपांकडचा तुकडा, शिक्षकांकडचा, जुळ्यांच्या आईकडचा, दुकानदाराकडे दोनदा गेले होते तर दोन. मुकाश बाजूला उभा राहून बघत होता. एक नान संपला, मी दुसरा घेतला. दुसराही अर्ध्यावर आला तेव्हा त्याने चष्मा लावला.

"हा मान," तो म्हणाला, "आपण दोघं मिळून दोन दिवसांत खायचो."

मला एकदम हसू फुटलं आणि मग लाज वाटली. एवढी शिकलेली बाई मी, पण माझ्या हिशेबात उंबऱ्यावरचा नान कधी पोटात गेलेलाच नव्हता!

मग मी नाही म्हणायला लागले, आणि गावाचं तोंड फिरलं. फाटकाबाहेर उभं राहून पेशंटला हाक मारून पाहिलं, तर नान फाटकापर्यंत चालत आला. उपास आहे म्हटलं तर बाया विचारायच्या, "देवाचा की डॉक्टरचा?" डॉक्टरचा म्हटलं की तोंड वाकडं. जुळ्यांच्या आईने तर पुढच्या वेळी दारच अर्धं उघडलं. ज्या पोरांच्या जन्माच्या वेळी मी रात्रभर तिचा हात धरून बसले होते, त्यांचं वजन मी उंबऱ्याबाहेर उभी राहून केलं. दुकानात माझ्या पाठीमागे कुणीतरी म्हणालं, "मोठी झाली बाई आता, आमचा नान तिला चालत नाही." ते मला भुकेपेक्षा जास्त लागलं. त्या दिवशी मला वाटलं की पाळणा जाऊ दे त्या धाकट्याबरोबर. माणसं तोडून कसला पाळणा!

त्याच मनःस्थितीत उलकान-आपांचं ब्लडप्रेशर बघायला गेले. आपा गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या, कानाने कमी पण बाकी सगळ्याने जास्त. त्यांनी नान पुढे केला. मी हात जोडायच्या बेतात होते, पण डोळ्यांत पाणीच आलं. सगळं सांगून टाकलं. विहीण, घोडा, पाळणा, ताट.

आपांनी ऐकून घेतलं. मग नानाचा कोपरा चिमटीत धरून जोंधळ्याच्या दाण्याएवढा कण मोडला.

"लढाईच्या वर्षांत मी एवढीशी होते. घरात नान असायचा तळहाताएवढा, आणि खाणारी तोंडं दहा. तरी दारात कुणी आलं की आई तोच पुढे करायची. येणारा एवढाच कण मोडायचा, कपाळाला लावायचा, तोंडात टाकायचा, दुवा द्यायचा आणि जायचा. त्याला कुणी गर्विष्ठ म्हटलं नाही. उलट त्याने घरातल्या पोरांसाठी नान सोडला म्हणून आई त्याच्यासाठी दुवा मागायची." आणि माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "आता पोटं भरली तशी तुम्ही पोरी नानाचा डोंगर पुढे करता आणि त्याला मान म्हणता. घे, उघड तोंड."

मी तो कण कपाळाला लावला आणि खाल्ला. गोड लागला, खरंच सांगते, खूप गोड लागला.

आपा तेवढ्यावर थांबल्या नाहीत. काठी टेकत दुकानात गेल्या आणि भर गर्दीत जाहीर केलं, "सैराकुलला दाण्याएवढा द्यायचा. नातवंडाचा पाळणा न्यायचाय तिला. जो जास्त देईल त्याच्या घरच्या चहाला मी शिवणार नाही!" आपांनी घरी चहा घेतला नाही तर गावात त्या घराची काय अब्रू राहते? दुसऱ्या दिवसापासून बाया माझ्यासाठी कण मोडून ठेवायला लागल्या. जुळ्यांच्या आईने दार पूर्ण उघडलं आणि भिंगातून बघितल्यासारखा डोळा बारीक करून म्हणाली, "एजे, हा मोठा तर नाही ना झाला?"

मग मात्र वजन उतरायला लागलं. मुकाश मेंढ्यांचा माणूस, त्याला किलो कळत नाहीत. आधी म्हणाला, "कोकरू गेलं गं तुझ्या अंगावरून." बाळ झालं, मुलगा, मी दवाखान्यात जाऊन त्याला छातीशी धरून आले, तेव्हा म्हणाला, "मेंढी गेली." जूनच्या शेवटी माझा पट्टा शेवटच्या भोकात जाऊनही सैल राहिला. त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. "अख्खी मेंढी गेली आणि वर कोकरू. आता पुरे कर, मला बायको हवीय."

"आधी स्वतःचा दुंबा बघा," मी त्याच्या पोटाकडे बोट दाखवून म्हटलं. दुंबा म्हणजे मेंढीच्या शेपटीवरची चरबीची गाठ.

चाळिसाव्याच्या दिवशी पहाटेच निघालो. पाळणा रजईत गुंडाळून माझ्या पुढ्यात, खोगिराला आडवा बांधला होता. ओढ्यापर्यंत तोरू झोकात चालला. काळ्या दगडाच्या चढावर थोडा वर गेला आणि थांबला. अगदी त्याच जागी. कान मागे गेले, आणि माझ्या पोटरीखाली त्याच्या अंगातली थरथर मला कळली. त्याला सगळं आठवत होतं. मलाही.

मुकाशने आपला घोडा मागेच आवरला. त्याला वाटलं, संपलं आता.

मी टाच मारली असती तर तोरू चढला असता. माझी खात्री आहे, कारण आता त्याच्या पाठीवर ओझं नव्हतं, नुसती भीती होती. पण म्हाताऱ्या जनावराला कशाला छळायचं? मी खाली उतरले, लगाम हातात घेतला, त्याच्या कपाळावर थोपटलं आणि चालायला लागले. गेल्या वर्षी हाच चढ उतरतानाही मी दर वळणावर बसत होते. आता एक वळण झालं, दुसरं झालं, मागून तोरू येत होता, त्याच्या पाठीवर पाळणा डुलत होता, आणि माझा श्वास माझ्याजवळच होता. लाजेखातर मुकाशही उतरला होता. अर्ध्यावर त्याची हाक आली, "अगं थांब ना! कोण मागे लागलंय तुझ्या?"

माथ्यावर पोहोचून मी त्याची वाट बघत बसले. गवतावर बसून पोटभर हसले आणि थोडी रडलेही. मग पुन्हा खोगिरावर चढले, कोणाचा हात न घेता. विहीणबाईंच्या दारात मला घोड्यावरूनच जायचं होतं, एवढा हट्ट माझा मी पुरवला.

सादात तंबूबाहेर उभी होती. रिवाजाप्रमाणे तिने पुढे येऊन तोरूचा लगाम धरला आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"विहीणबाई, तब्येत तर बरी आहे ना?"

"घोड्याला विचारा," मी म्हटलं.

ती वळली, आतून ताट घेऊन आली. लोणी माखलेले मोठे तुकडे ताटात रचलेले. मी मनातून तयार झाले, आज खायचा, नातवाच्या दारचा आहे, डॉक्टरीणबाई रागावतील तर रागावू देत. पण सादातने ताट दुसऱ्या हातात घेतलं, एका तुकड्याचा कोपरा चिमटीत धरला आणि जोंधळ्याच्या दाण्याएवढा कण मोडून माझ्यापुढे केला.

"एवढाच ना?" ती हळूच म्हणाली. "खालून आलेल्या प्रत्येक माणसाला विचारत होते मी." आणि आणखी हळू, मुकाशला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "माझे गुडघे गेलेत हो. जाण्याआधी मला सगळं नीट सांगून जा."

तिच्यावरचा माझा महिनोन्महिन्यांचा राग त्या एका कणाबरोबर गिळला गेला. शोधला तरी सापडेना.

आत बायका गोल करून बसल्या होत्या. मी पाळण्यापाशी गुडघे टेकले, रिवाजाप्रमाणे बाळाला मुद्दाम उलटं धरलं, डोकं पायांच्या बाजूला, आणि विचारलं, "असं ठेवू का?"

"नाही, नाही!" सगळ्या ओरडल्या.

"मग असं?"

"हो, असंच!"

नातवाला पाळण्याच्या पट्ट्यांनी बांधलं, रजई घातली, दांडीवरच्या माझ्या दातांच्या खुणांवरून बोट फिरवलं. त्याने एक जांभई दिली आणि झोपून गेला. मी उठायला लागले तशी बुरुलने सवयीने दोन्ही हात पुढे केले. गेली कित्येक वर्षं मला जमिनीवरून ओढून उठवायचं तिचंच काम होतं, लग्नाच्या दिवशीही तिनेच उठवलं होतं. पण तोवर मी उभी राहिले होते. तिचे हात तसेच पुढे राहिले आणि ती माझ्याकडे बघत राहिली.

"आई," ती म्हणाली.

मी तिचे दोन्ही हात धरले. उठायचं नव्हतं, नुसतेच धरले.