तिच्या हातातलं पत्र

चित्रातल्या त्या बाईवर कादंबरीकाराने चारशे पानं लिहिली होती, आणि ती सगळी उभी होती तिच्या हातातल्या पत्रावर. दोनशे वर्षांपूर्वीची बाई, खिडकीपाशी उभी, हातात घडी केलेलं पत्र, त्यावर लाखेचा लाल ठिपका. चित्र कोणी काढलं याची कुठेच नोंद नव्हती. पण या पठ्ठ्याने तिला एक चित्रकार नवरा दिला, त्याला परदेशी धाडलं आणि हिला जन्मभर त्याची वाट पाहायला लावली. कादंबरी उद्या छापायला जायची होती. अर्पणपत्रिका त्याच्या सगळ्या पुस्तकांना असायची तीच: ‘माझी वाट पाहणाऱ्या पत्नीस.’

ही पत्नी संग्रहालयातली जुनी चित्रं दुरुस्त करायची. नेमकं हेच चित्र सध्या घरातल्या तिच्या कामाच्या खोलीत, टेबलावर होतं. तीन आठवडे ती कापसाच्या बोळ्याने काळवंडलेलं वार्निश उतरवत होती, एका वेळी नखाएवढं.

दुपारी तिने त्याला बोलावून घेतलं.

“अहो, या. आणि कशाला हात लावू नका.”

पत्र आता चांगलं उजळलं होतं. लाल ठिपक्याशेजारी निळा होता, पिवळा होता. कडेचे धागे सुटलेले.

“पत्राला धागे?” तो म्हणाला.

“फडकं आहे ते. ब्रश पुसायचं. दुसरा हात बघा, चौकटीबाहेर गेलाय. तो रंगवतोय. आरशात बघून स्वतःलाच काढलंय तिने.”

तो मटकन स्टुलावर बसला. नवरा गेला, परदेश गेला, चार वर्षांची मेहनत पाण्यात गेली.

“तुझा अहवाल कधी जाणार?” त्याने हळूच विचारलं.

“पुढच्या वर्षी. तोवर तुमचं पुस्तक येऊन जाईल. मी काही बोलणार नाही.”

मोह झाला त्याला, खोटं कशाला सांगा.

“पण तुला कळलं कसं?”

उजेडात बोळा तपासायला ती खिडकीपाशी गेली. डाव्या हातात तिचं नेहमीचं फडकं होतं, डागाळलेलं, कडेला धागे सुटलेलं. तीस वर्षं तो तिला चहाला हाक मारायला या दारात येत होता. ‘आलेच’ म्हणून ती तासाभराने यायची, आणि चहा निवत ठेवून वाट तोच पाहायचा. त्याला मनापासून लाज वाटली.

त्याने तिथूनच प्रकाशकाला फोन लावला. छापू नका म्हणाला, सगळं नव्याने लिहायचंय. प्रकाशक आधी चिडला, मग थकला.

“बरं, निदान अर्पणपत्रिका तरी तीच ना?”

त्याने खिडकीकडे पाहिलं. ती पुन्हा चित्रावर वाकली होती.

“नाही,” तो म्हणाला. “तीही चुकलीय.”