चिशीला कळणारी भाषा

ऑर्विल मामा पडला तो ऑगस्टमध्ये, धुराच्या दिवसांत. वरच्या अंगाचा डोंगर पेटला होता आणि भर दुपारी घराघरांत दिवे लागत होते. लाकडं फोडायच्या ओंडक्याशेजारी मामा तसाच पडून राहिला आणि त्याचा कुत्रा खाली येऊन रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. ओंडके वाहणाऱ्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला, शिव्या घातल्या, पण कुत्रा हलेना. शेवटी ट्रकवाला वैतागून खाली उतरला, कुत्र्यामागून चढण चढला आणि त्याला मामा सापडला.

मामाला डोंगरापलीकडच्या इस्पितळात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. कुत्रा कुणी न्यायचा हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी रोवीनाकडे पाहिलं. ती मामाच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. शिवाय एकटी राहणारी, म्हणजे तिला काय अडचण असणार?

रोवीना ऑर्लीन्स गावातल्या शाळेत स्वयंपाक करायची. बरीच वर्षं मेडफर्ड शहरात काढून, नवऱ्याशी काडीमोड झाल्यावर ती नदीकाठी आपल्या माणसांत परत आली होती. नदीच्या वाळवंटाला लागून तिचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर होतं. मुलगी लांब शहरात. तिचा फोन नाताळला यायचा आणि गाडी बिघडली की यायचा. शाळेत दिवसभर पोरांचा कालवा, आणि घरी आल्यावर नदीचा आवाज आणि फ्रीजचा आवाज.

कुत्र्याचं नाव चिशी. आमच्या, या नदीकाठच्या आदिवासींच्या, बोलीत चिशी म्हणजे कुत्राच, दुसरं काही नाही. मामाला नाव ठेवायचा कंटाळा. रोवीनाने त्याला आत आणलं, साल्मन माशाची डोकी उकडून पुढ्यात ठेवली. चिशी दारात बसला आणि वाडग्याकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिने इस्पितळात फोन लावला.

"मामा, तुझा कुत्रा बहिरा आहे का रे?"

"का? काय म्हणालीस त्याला?"

"ये म्हणाले. ये, खा."

"इंग्रजीत?"

"आधी इंग्रजीत. मग आपल्या भाषेत. एवढं येतं मला."

"नुसतं 'ये'?"

"मग काय वाजंत्री लावून बोलावू?"

मामा हसला आणि हसताना कण्हला. "अगं, कसं ये? कुठून ये? नदीकडून चढून ये, का पलीकडून ये, का हुंगत, भटकत, वाटेल तेव्हा ये? अर्धा शब्द टाकलास त्याच्यापुढे. तो शेपटाची वाट बघत बसलाय."

"कुणाच्या शेपटाची?"

"शब्दाच्या! शेवटपर्यंत बोल की जरा."

आणि त्याने तिला सांगितलं. क्रियापदाच्या शेवटाला लावायचा एक तुकडा, जिभेवर आला न आला तोच संपणारा. तो लागला की 'ये' चं 'आत ये' होतं, घरात, भिंतींच्या आत. रोवीनाने फोन तसाच कानाशी धरून चिशीकडे तोंड करून शब्द उच्चारला. चिशी उठला, उंबरा ओलांडून आत आला आणि वाडगं चाटून पुसून मोकळा झाला.

"आला?" मामाने विचारलं.

"आला. हावरटासारखा खातोय."

"तुझा उच्चार ऐकूनही आला म्हणजे पोर खरंच भुकेलंय. घशात माशाचा काटा अडकल्यासारखी बोलतेस."

रोवीनाच्या आईला भाषा येत होती. पण लहानपणी गोऱ्यांच्या शाळेत त्या भाषेपायी तिने मार खाल्ला होता आणि आपल्या लेकीच्या कानावर ती पडू नये याची तिने जन्मभर काळजी घेतली. रोवीनाला माशांची, फळांची नावं ठाऊक होती, 'ये' आणि 'खा' ठाऊक होतं. मामा मात्र मामीशी अखेरपर्यंत तीच भाषा बोलला. मामी गेली आणि बोलायला कुणी उरलं नाही. वरच्या गावात एक म्हातारी होती, तिला ऐकू येत नव्हतं. मग राहिला चिशी.

आता आमच्यात कुत्र्याशी गप्पा मारत नाहीत. हुकूम सोडावा, पण प्रश्न विचारू नये, असं जुनी माणसं सांगत. न जाणो, एखाद्या दिवशी त्याने उत्तर दिलं तर माणसांचं काही खरं नाही. मामाने हा नियम पाळला. पाच-सहा वर्षं तो आपल्या भाषेत नुसते हुकूम सोडत होता. पण हुकुमांत त्याने कसलीही काटकसर केली नाही. पोटात साठलेली सगळी भाषा त्याने त्या शेपटांत ओतली.

संध्याकाळचं जेवण आटोपलं की रोवीना फोन लावायची. आधी इस्पितळात, मग मामाला समुद्राकाठच्या युरेका गावातल्या म्हाताऱ्यांच्या निवासात हलवलं तेव्हा तिथे. सुरुवातीला कुत्र्यासाठी म्हणून, आणि नंतर कुत्र्याचं निमित्त करून. मामा एकेक तुकडा द्यायचा. हा लावला की काम थोडं थोडं, पुन्हा पुन्हा होतं. हा लावला की इकडेतिकडे, उगाच, ठिकाणाविना. आणि हा पुढून लावायचा, 'इप', शब्दाच्या डोक्यावर. हा लावला की गेलेलं परत येतं, झालेलं पुन्हा होतं.

"मामीचा आवडता कुठला होता?" एकदा तिने विचारलं.

"खोट्याचा."

"म्हणजे?"

"झोप म्हटलं तर झोपायचं. पण हे शेपूट लावलं की झोपल्याचं सोंग. जेव म्हटलं तर जेवायचं, शेपूट लावलं की पोरांसारखं खोटं खोटं जेवायचं, चिखलाचं कालवण. सांग त्याला, झोपल्याचं सोंग घे म्हणून."

तिने सांगितलं. चिशी धाडकन आडवा झाला, पाय ताणले, आणि एक डोळा किलकिला ठेवून तिच्याकडे बघत राहिला. रोवीना इतकी हसली की फोन हातातून सुटला. त्या ट्रेलरमध्ये आपणच मोठ्याने हसतोय हे ऐकून ती दचकली. तिने फोन उचलला.

"काय झालं गं?"

"काही नाही. एक डोळा उघडा ठेवतो लबाड."

"मग? नाहीतर सोंग आहे हे कळणार कसं?"

ऑक्टोबरात धूर निवळला, पानं गळाली, लोक डोंगरावर ओकची फळं वेचायला गेले. रोवीनाही चिशीला घेऊन गेली. झाडांखाली बायका आपापल्या घरच्यांसोबत बसल्या होत्या. ती जरा बाजूला एकटीच वेचत होती आणि चिशीला मधूनमधून हुकूम सोडत होती. एकीने मान वर करून विचारलं, "कुणाशी बोलतेस गं?" रोवीना म्हणाली, "कुणाशी नाही. कुत्र्याशी."

त्या संध्याकाळी ती मामाला म्हणाली, "एक विचारू? 'कसा आहेस' हे कसं म्हणायचं?"

"चिशीला? वेडी आहेस का? त्याला काही विचारायचं नाही."

"चिशीला नाही रे. तुला."

 पलीकडे कुणाचातरी टीव्ही चालला होता.

"मी बरा आहे," मामा इंग्रजीत म्हणाला. "पलंग मऊ आहे, रस्सा पाण्यासारखा आहे. ते शिकवीन तुला. मोठं प्रकरण आहे ते, माणसाला विचारायचं म्हणजे. उद्या सांगतो. आज दमलोय."

दुसऱ्या दिवशी फोन निवासातल्या नर्सनेच केला. पहाटे मामाला अर्धांगाचा झटका आला होता. धोका टळलाय म्हणाली, एक हात गेलाय, पण बोलतोय. "बोलतोय खूप, पण इंग्रजी नाही. आम्हाला कुणाला काही समजत नाही. तुम्हाला समजेल का?"

"थोडं," रोवीना म्हणाली.

तिने शाळेत निरोप ठेवला, चिशीला पिकअपमध्ये घातलं आणि नदीच्या उताराला लागली. मग नदी सोडून डोंगर ओलांडला आणि धुक्यात समुद्र आला. निवासात कुत्र्याला मज्जाव होता. तिने त्याला गाडीतच ठेवलं.

मामा उशीला टेकून बसला होता. तोंडाची एक बाजू ओघळली होती, पण ती दिसताच त्याचे डोळे उजळले आणि तो बोलायला लागला. पहाटेपासून नर्सेसना, भिंतीला, टीव्हीला सांगून दमलेला माणूस, आता कुणीतरी आपलं आलं म्हणून धबधब्यासारखा सुटला. रोवीना खुर्ची ओढून जवळ बसली. तिने कान देऊन ऐकलं.

आणि तिला शेपटं ऐकू आली. एकामागून एक, स्पष्ट, अगदी चिशीला सांगताना म्हणायचा तशी. कुणीतरी काहीतरी थोडं थोडं करत होतं. कुणीतरी उगाच इकडेतिकडे. कुणीतरी पलीकडून येत होतं. मग खोटं खोटं. मग पुन्हा, परत. पण शब्दांची धडं तिला ओळखू येईनात. काय केलं ते कळत नव्हतं, कसं केलं तेवढं कळत होतं. मामा एखाद्या माणसाची, किंवा नदीची, किंवा मामीची मोठी हकिगत सांगत होता आणि तिच्या ओंजळीत नुसत्या चाली पडत होत्या, चालणारा कोण ते कळायला मार्ग नव्हता.

तो थांबला. तिच्याकडे बघत राहिला. त्याला उत्तर हवं होतं.

तिने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला फक्त हुकूम येतात. आत ये. वर चढून ये. भटक. थांब. तिच्याजवळ 'मी' नव्हतं, 'का' नव्हतं, 'कुठे दुखतंय' नव्हतं. हो म्हणायलासुद्धा तिला मान हलवावी लागली. मामाने तिची ती हललेली मान पाहिली आणि त्याला कळलं.  त्याने मान उशीवर टाकली आणि डोळे मिटून घेतले.

रोवीनाला राहवलं नाही. ती खाली वाकली आणि त्याच्या कानाशी, घशात काटा अडकल्यासारख्या उच्चारात, चिशीला म्हणायची तसं म्हणाली, "झोपल्याचं सोंग घे."

मामाचा एक डोळा उघडला. मग धड असलेली तोंडाची बाजू वर गेली, छाती हलायला लागली. तो हसत होता. हसता हसता खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं, नर्स धावत आली तरी तो हसतच होता. रोवीनाही हसली. निघताना त्याने चांगल्या हाताने तिचं मनगट धरलं आणि एक छोटंसं वाक्य म्हणाला. सावकाश, पोराला शिकवावं तसं. त्याच्या क्रियापदाच्या डोक्यावर 'इप' होतं. पुढचं तिला माहीत नव्हतं.

ते वाक्य ती परतीच्या वाटेवर मोठ्याने म्हणत राहिली, विसरू नये म्हणून. डोंगर चढताना म्हणत होती, उतरताना म्हणत होती. वाटेत विलो क्रीक गावात पेट्रोल भरताना पोऱ्याने काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं, आणि गाडी सुरू केल्यावर पुन्हा म्हणायला गेली तर मधला स्वर कुठला होता याची खात्री राहिली नाही. तिने दोन-तीन तऱ्हांनी म्हणून पाहिलं. सगळ्याच बरोबर वाटल्या. घरी पोचेपर्यंत उरलं ते एवढंच: पुन्हा. काहीतरी पुन्हा.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी मामा गेला. त्याला वर आणून मामीशेजारी पुरलं. पाऊस होता, माणसं बरीच आली होती, साल्मन आणि ओकच्या फळांची लापशी सगळ्यांना पुरून उरली. लोक म्हणाले, त्याच्याबरोबर किती शब्द गेले असतील. रोवीना भांडी घासत होती. चिशी मामाच्या घरी जायचा हट्ट धरील असं तिला वाटलं होतं, पण त्याने तसलं काही केलं नाही. तो तिच्या पिकअपपाशी जाऊन बसला.

त्या हिवाळ्यात ऑर्लीन्सच्या सभागृहात भाषेचा वर्ग सुरू झाला. रोवीना गेली. शिकवणारी मुलगी स्वतःच शिकत होती आणि ते ती लपवत नव्हती. छापील कागद, चित्रं, कॉफीचा थर्मास. सगळे मिळून म्हणत होते: मी खाते. मी जाते. मी पाहते. क्रियापदाच्या आधी 'नि' लावला की मी. इतकं सोपं होतं ते. रोवीनाने ते सगळ्यांबरोबर म्हटलं आणि मग एकटीनेच हळू आवाजात पुन्हा म्हटलं. 

"तुला आधी काही येतं का गं, मावशी?" शिकवणारीने विचारलं.

"थोडीशी शेपटं येतात."

"काय?"

रोवीनाने दोन म्हणून दाखवली, मग आणखी दोन.  मुलगी उठून जवळ आली. "कुठे शिकलीस हे? कुणी शिकवलं?"

"मामाने. कुत्र्यासाठी."

सगळे हसले, आणि ते हसणं वाईट नव्हतं. मुलीने तिला पुढच्या वेळी सगळी शेपटं सांगायला लावणार असं बजावलं, आणि ती हो म्हणाली. मग कुणाची तरी लहान मुलं रडायला लागली, कुणाला लांब जायचं होतं, खुर्च्या एकावर एक रचल्या गेल्या. आपापल्या घरच्यांना घेऊन सगळे गाड्यांत बसले.

रोवीना पिकअपमध्ये आली. चिशी सीटवर अंगाचं वेटोळं करून पडला होता. काचा बाहेरून ओल्या, आतून वाफेने धुरकट. तिने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. आधी नव्याने मिळालेला 'नि', मध्ये 'जा', आणि शेवटाला मामाने दिलेलं ते उगाच, इकडेतिकडे, ठिकाणाविना. तिघांना तिने मनात एकमेकांशेजारी ठेवलं, मग तोंडाने म्हणाली. मी हिंडत असते, अशीच.

ती स्वतःविषयी त्या भाषेत पहिल्यांदाच काही बोलली होती. कदाचित मध्ये एखादा स्वर गिळायचा असेल, कदाचित दोन तुकडे एकत्र येताना बदलत असतील. मामा असता तर हसला असता, किंवा गप्प राहिला असता, आणि त्यावरून कळलं असतं. चिशीने कानही उचलला नाही. तो हुकूम नव्हता, त्यात त्याला करण्यासारखं काही नव्हतं.

तिने बाहीने काच पुसली आणि नदीच्या वरच्या अंगाला गाडी काढली.