काचेमागची चावी

हर्षित चेकलिस्ट वाचायचा ती गणपतीच्या आरतीसारखी. तोंड चालू, डोळे प्रसादाकडे. "ऑइल प्रेशर, चेक. मॅग्नेटो, चेक." चेक म्हणता म्हणता गॉगल सरळ करायचा, मोबाइलमध्ये स्वतःचं तोंड बघायचा. चाळीस तास उडाला होता पोरगा. पण चालायचा असा, की आभाळ जणू याच्या बापानं सदर बाजारातल्या दुकानात विकायला ठेवलंय.

नागपूरबाहेरचा हा लहानसा फ्लाइंग क्लब. डिसेंबरची सकाळ, खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या कमरेपर्यंत धुक्यात उतरलेल्या. हँगरच्या दाराशी मेकॅनिक नंदिनी चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून उभी होती. बघत नव्हती, ऐकत होती.

या विमानाच्या इंजिनाला ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो. उडण्याआधी चावी फिरवून एकेक बंद करून पाहायचा. बंद झाला की इंजिनाचे फेरे थोडे उतरतात, आवाज जरा मान खाली घालतो, मग पुन्हा वर बघतो. दोनदा. नंदिनीला मान घातलेली एकदाच ऐकू आली.

तिनं हात वर करून थांबायची खूण केली. हर्षितला वाटलं, ताई टाटा करताहेत. त्यानं ऐटीत अंगठा दाखवला आणि विमान उडालं.

"अंगठाच दाखव बाबू," नंदिनी पुटपुटली, "तेवढंच येते तुले."

वर त्याला काही होणार नव्हतं. जो मॅग्नेटो बंदच होत नाही तो उडणाऱ्याला मारत नाही. मारतो तो खाली उभ्या माणसाला. आणि खाली लहानूकाका होते.

काका खापा गावचे. तीस वर्षं क्लबात विमानं पुसत आलेले. विमान थांबलं की पायलटनं चावी काढून पुढच्या काचेमागे ठेवायची, ही इथली रीत. चावी दिसली की काका पंख्याला हात घालणार, पातं आडवं करणार, किडे पुसणार, खोळ चढवणार. पुसताना आईची जात्यावरची ओवी गुणगुणणार:

जातं फिरे घरघर, दाना सरला कयेना
कान न्हाई ज्या हाताले, त्याले दयन मियेना

पण मॅग्नेटो बंद होतो तो चावीकडून येणाऱ्या तारेनं; तुटल्या तारेला चावी कुठली कळायला! हातानं पंखा फिरला, सिलिंडरात पेट्रोलचा एखादा घोट उरलेला असला, की एक ठिणगी पुरे. पातं कोणाचा हात आहे ते विचारत नाही.

काका फाटकाकडे गेले होते. विमान यायला तास होता. परतले की सांगू, म्हणून नंदिनी दुसऱ्या इंजिनाखाली शिरली. हर्षित मात्र धुकं बघून वीस मिनिटांतच माघारी आला. तिनं डोकं बाहेर काढलं तेव्हा पंखा थांबला होता, काचेमागे चावी चमकत होती आणि काका खांद्यावरचं फडकं काढत पुढे निघाले होते.

ती धावली. "काका! हात नोका लावू!"

"काहून वं? चावी दिसून राहिली ना."

"मागं व्हा आधी!" तिनं त्यांना दंडाला धरून ओढलं. हर्षित गॉगल डोक्यावर चढवून उतरतच होता. "बसा साहेब. पुन्हा चालू करा. अन् मी सांगतली की रोजच्यासारखा पेट्रोलचा दांडा नोका ओढू, नुसती चावी बंद करून बाहेर काढा."

"अरे ताई, इंजिन एकदम मस्त आहे. सकाळी दुसऱ्या खेपेला तर फेऱ्यांचा काटा जरासुद्धा हलला नाही!"

"हो ना. हलाले पायजे होता."

इंजिन सुरू झालं. तिनं खूण केली. हर्षितनं चावी फिरवली, काढली, हातात धरून दाखवली. पंखा फिरतच राहिला. चावी त्याच्या मुठीत, आणि समोर पंखा घरघर, घरघर. शेवटी त्यानं पेट्रोलचा दांडा ओढला तेव्हा कुठे तो थांबला. मूठ मात्र तशीच हवेत.

नंदिनीनं तपासणीची वही उघडली. 'फेरे उतरले: सत्तर,' आजच्या ओळीत, ऐटबाज अक्षरात.

"हे सत्तर कोनाच्या कानानं आयकले, साहेब?"

"वरच्या ओळीत होतं," हर्षित म्हणाला. "सगळे तेच लिहितात."

वर सत्तर. त्याच्या वर सत्तर. आठ दिवस, चार पायलटांची चार अक्षरं, आकडा एकच. जणू इंजिन नव्हे, पाढा. आणि कालपर्यंतच्या प्रत्येक सत्तराखाली मेकॅनिकची सही. नंदिनीनं ती ओळखली. कशी ओळखणार नाही? स्वतःचीच होती.

काका जवळ येऊन डोकावले. बोटांवर काहीतरी मोजलं. "आठ दिवस. रोज दोनदा फिरवलो मी हा."



त्यांनी हर्षितच्या मुठीतून चावी काढून घेतली, त्याच्या खिशातलं पेनही काढलं आणि दोन्ही नंदिनीच्या हातावर ठेवलं. मग फडकं पुन्हा खांद्यावर टाकलं.

"आता तुह्या कानानं आयकल्याबिगर मले बलावू नोको वं," म्हणाले, आणि पंख्याला लांबचा वळसा घालून हँगरकडे निघाले. हात त्यांनी काखेत धरले होते.