‘गो’च्या चिठ्ठ्या

सकाळी आईने चहा ओतला तो कपात नाही, कपाच्या शेजारी, थेट टेबलावर. आणि चिठ्ठीबाईंचं डोकंच फिरलं.

"अगं, लक्ष कुठे असतं तुझं?"

आईने फडकं घेऊन टेबल पुसलं, तेही अर्धंच. उजवीकडचा ओघळ तसाच राहिला. एरवी एका शब्दाला चार शब्द ऐकवणारी ही बाई! चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवून लेकीला वाढवलं, पण कुणाचं म्हणून ऐकून घेतलं नाही. आणि आता पंधरा दिवस शिलाई मशीनवर चादर टाकून गप्प बसलेली. का गं, म्हणून विचारलं तर म्हणे, "कंटाळा आला." कंटाळा! आईला!

चिठ्ठीबाई तणतणत निघाल्या खऱ्या, पण बसमध्ये जीव काही थाऱ्यावर राहीना. हिचं बिनसलंय तरी काय? आपल्यावर रुसलीय? की वय झालं, डोकं चालेनासं झालं? हा शेवटचा विचार मनात आला आणि त्यांना बसवेचना. दोन स्टॉप आधीच उतरून त्या भराभर चालत सुटल्या, जणू ऑफिसात कुणी उत्तर घेऊन बसलं होतं.

ऑफिस शब्दकोशाचं. इंग्रजी शब्द घ्यायचा, मराठी अर्थ लावायचे, दर अर्थाला एक मराठी वाक्य उदाहरण म्हणून द्यायचं. गेले आठ महिने बाई एकाच क्रियापदाशी झटत होत्या: ‘गो’. पहिलीच्या पोरांना येतं ते. इंग्रजीत दोन अक्षरं, पण एकदा आत शिरलं की बाहेर यायची वाट सापडत नाही. माणूस जातो, रस्ता जातो, वेळ जातो, तोल जातो, लाइट जाते, सदऱ्यावर विजारीचा रंग जातो किंवा जात नाही. इंग्रजांचं घड्याळसुद्धा ‘गो’च करतं, आपलं बिचारं नुसतं चालतं. एकूण त्रेचाळीस अर्थ भरले होते आणि आज ही नोंद छापायला द्यायची होती.

मुख्य संपादकांना सगळे पाठीमागे ‘गाळणी’ म्हणत. हातात आलेलं निम्मं ते टाकूनच द्यायचे. त्यांचा नियम असा, की उदाहरण खुर्चीत बसून रचायचं नाही, ते कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं पाहिजे. ऐकलं की चिठ्ठीवर लिहायचं: वाक्य, बोलणारा, जागा, तारीख. बाईंना या कामाचा असा काही नाद लागला, की मयताला गेल्या तरी पर्समध्ये पेन्सिल. कुणी रंगात येऊन बोलायला लागलं की ह्या मध्येच, "थांबा थांबा, परत म्हणा!" त्यावरूनच नाव पडलं चिठ्ठीबाई.

आज मात्र पेन्सिल हातात धरवेना. दोनदा घरी फोन लावला, कुणी उचलला नाही. खिडकी उघडली, बंद केली. चहा मागवला, तो निवून गेला. तिसऱ्यांदा कुठे आईचा आवाज आला.

"फोन का नाही उचललास?"

"सापडला नाही गं लवकर."

"टेबलावरच तर असतो!"

"असतो ना," आई म्हणाली, आणि तिने फोन ठेवून दिला.

तेवढ्यात गाळणीसाहेबांचं बोलावणं आलं. टेबलावर ‘गो’च्या चिठ्ठ्या पसरलेल्या.

"बाई, हे काय मांडलंय? त्रेचाळीस अर्थ, आणि अठ्ठावीस चिठ्ठ्यांवर बोलणारी आई! जगात दुसरं कुणी तोंड उघडत नाही का?"

"ती बोलते छान, सर."

"छान बोलतात, मान्य. पण एकाच घरातल्या बोलण्याचा कोश होत नाही. मी सगळ्या तारखेप्रमाणे लावून पाहिल्या, म्हटलं बाईंनी शेवटी शेवटी उरकलंय की काय. ऐका." आणि ते हजेरी घेतल्यासारखे वाचू लागले.

"‘मेला सुईत दोराच जात नाही.’ आई, खोली, तीन फेब्रुवारी. ‘ताटातली वाटी जाते कुठे, कळत नाही.’ आई, स्वयंपाकघर, अकरा फेब्रुवारी. ‘उजव्या डोळ्याचं दिसणं चाललंय गं माझं.’ आई, स्वयंपाकघर, वीस फेब्रुवारी. ‘जिन्यात पाय पुढे जात नाही.’ आई, जिना, सात एप्रिल. ‘शिवण नसलं की वेळ जात नाही.’ आई..."

 चष्मा काढून त्यांनी बाईंकडे पाहिलं.

"बाई, आई बऱ्या आहेत ना?"

 दोरा आत जाणं हा अकरावा अर्थ. दिसेनासं होणं सव्विसावा. वेळ जाणं नववा. एकेक चिठ्ठी बाईंनी स्वतःच्या हाताने निरनिराळ्या कप्प्यांत टाकली होती. ओळीने अशी एकदाही वाचली नव्हती. कशाला वाचतील? वाक्य हाती लागलं की त्यांचं काम झालेलं असायचं.

त्यांनी त्या पाच चिठ्ठ्या उचलल्या. "सर, नोंद..."

"नोंदीचं मी बघतो. तुम्ही आधी घरी पळा."

घरी पोचल्या तेव्हा आई खिडकीशी बसलेली. बाईंनी काही विचारलं नाही, तिच्या पायात चपला सरकवल्या आणि हात धरून जिना उतरवला. एवढ्या ताठ्याची बाई, पण प्रत्येक पायरीला तिने लेकीचा हात घट्ट दाबला. कधीपासून ही अशी एकटी उतरत होती? बाईंना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. मग विचारलं, "कधीपासून होतंय आजी?"

"झाले असतील आठ-दहा दिवस," आई घाईघाईने म्हणाली.

बाईंनी चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. डॉक्टरीणबाईंनी एकेक वाचली.

"अरे वा, तारीखवार लिहून ठेवलंत! एवढी काळजी कोण घेतं हो हल्ली?"

बाईंना मान वर करवेना.

"काचबिंदू आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उजव्या डोळ्याचं गेलं ते बरंचसं गेलं, ते परत यायचं नाही. डावा मात्र वाचवता येईल. आजपासून थेंब सुरू करू, आणि तपासणीला एकही खाडा करायचा नाही." मग त्यांनी पुन्हा चिठ्ठ्यांकडे पाहिलं. "पण मला एक कळत नाही. सगळं इतकं नीट टिपलंत, मग चार-चार महिने थांबलात कशासाठी?"

 आईच पुढे सरसावली.

"तिला नका बोलू. मी सांगितलंच नव्हतं."

"असं कसं, आजी? ‘दिसणं चाललंय गं माझं’ हे तुमचंच बोलणं ना? वीस फेब्रुवारी?"

 लेक उजव्या बाजूला बसली होती, तिकडचं आईला दिसत नव्हतं, म्हणून हाताने चाचपून तिने तिचा खांदा शोधला.

"माझंच. बोलले मी तिला," आई म्हणाली. "तर म्हणाली, ‘वा, आई! परत म्हण!’ म्हणून परत म्हटलं. इतकी खूश झाली हो पोरगी, मग म्हटलं आता डोळ्याचा विषय कुठे काढायचा."