एका प्रबंधात तीन बिऱ्हाडं

मित्रांनो, मला जुना म्हटलं तरी राग येत नाही. मी आहेच जुना लॅपटॉप. माझ्या उजव्या बिजागरीला काळी चिकटपट्टी लावलेली आहे. माझा पंखा सुरू झाला की शेजारच्या खोलीतून कुणीतरी विचारतं, "गिरणी कुणी लावली रे?" पण मी अजून चालतो बरं का! आणि चालतो म्हणूनच चार शब्द सांगायचा मला हक्क आहे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. हातमोजे घातलेल्या हातांपैकी कुणी माझा पडदा बसवला, कुणी स्क्रू आवळले. पुढे खोक्यात बसून मी दुकानात गेलो आणि तिथून दाजींनी मला घरी आणलं. दाजी इलेक्ट्रिशियन आहेत. "आता बिलं यावरच करणार," असं ते ऐटीत म्हणाले. दोन बिलं केली आणि पुन्हा आपल्या पावतीपुस्तकाकडे वळले. मग मी त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या ताईच्या वाट्याला आलो. माझं नशीबच उघडलं म्हणा ना!

ताई जनावरांची डॉक्टर. दिवसभर गोठ्यांतून हिंडून ती गाईंचे खूर तपासायची आणि संध्याकाळी माझ्यासमोर बसून प्रबंध लिहायची. गाई लंगडतात कशामुळे, हा तिचा विषय. "हा माझा उजवा हात आहे," असं ती पाहुण्यांना सांगायची, तेव्हा माझी छाती फुगायची. पुढे माझी बॅटरीही फुगली, पण ती गोष्ट वेगळी. कौतुकानं काही धूळ झटकली जात नाही. गोठ्यातला भुसा माझ्या पंख्यात साचत गेला, मी तापत गेलो, आणि तिच्या मात्र ते गावीही नव्हतं.

ताई तशी शूर. बैल अंगावर आला तरी जागची हलायची नाही. पण माणसाला 'नाही' म्हणायचं तिच्या जिवावर यायचं. आमचं सगळं रामायण इथूनच सुरू झालं.

मित्रांनो, दुसऱ्याच्या अभ्यासातलं काही आपल्या लेखनात घेतलं, तर ते कुठून घेतलं हे सांगावं लागतं. त्याला संदर्भ म्हणतात. प्रबंधात असे शेकडो संदर्भ असतात. ते सांभाळणारं, मजकुरात योग्य जागी आकडा टाकणारं आणि शेवटी यादी लावून देणारं सॉफ्टवेअर मिळतं. ताईला तसं एक हवं होतं. तिनं तिघांना विचारलं, आणि तिथंच माशी शिंकली.

तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "संस्थेनं घेतलेलंच वापरा, मोठ्या लोकांचं तेच असतं." दवाखान्यातली मैत्रीण म्हणाली, "कसलं जुनाट! माझं बघ, सगळं इंटरनेटवर. दिसतं पण किती छान!" ग्रंथपाल म्हणाले, "फुकट मिळतंय ते घे आणि गप्प लिहायला बस."

ताईनं कुणाचंही मन मोडलं नाही. तिनं तिन्ही माझ्यात भरली! सर घरी येणार असले की सरांचं, मैत्रीण शेजारी बसली की तिचं, ग्रंथालयात ग्रंथपालांचं. माझ्या एवढ्याशा पोटात तीन बिऱ्हाडं, आणि तिघांच्या चुली वेगळ्या. मी धापा टाकत होतो, पण विचारतो कोण?

महिनाअखेरीला प्रबंध द्यायची मुदत होती. ती हुकली तर नोंदणी रद्द आणि इतक्या वर्षांची मेहनत मातीत. ताईनं सगळी प्रकरणं एकत्र जोडून सरांना पाठवली. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"अहो, हे काय आहे?" सर म्हणाले. "तुमच्या प्रबंधात पहिल्या क्रमांकाचे तीन संदर्भ आहेत! शेवटी याद्याही तीन. एकच लेख तिन्हीकडे, आणि लेखकाचं नाव दर ठिकाणी निराळं. हा प्रबंध असा पुढे जाणार नाही."

ताईनं फोन ठेवला आणि माझ्यावर डोकं टेकून ती रडली. अगदी हमसून हमसून. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. दाजी हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच घेऊन बाहेर आले.

"झालं काय?"

ताईनं सांगितलं. दाजींनी कपाळाला हात लावला. "अगं, तू सगळ्यांची मनं राखलीस, पण प्रबंधाला कोण राखणार? तीन सुकाणू लावून होडी कुठं जाते का?"

"मग कुठलं ठेवू?"

"मला काय विचारतेस? म्हणजे आता मी चौथा! लिहायचं तुला आहे, तूच ठरव."

ताई चिडली. पण ते चिडणंच कामी आलं. दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन सरळ गोठ्यावर गेली, कारण निम्मं लेखन ती तिथंच करायची. एकाच प्रकरणावर तिनं तिन्ही सॉफ्टवेअर आळीपाळीनं चालवून पाहिली. मैत्रिणीचं दिसायला देखणं, पण गोठ्यात नेटवर्क नाही, त्यामुळे ते नुसतं गोल गोल फिरत राहिलं. सरांचं दणकट, पण ते उघडताच मी इतका ओरडलो की वासरू बिचकलं. शिवाय संस्थेचा परवाना संपला की पुढे काय, हे कुणालाच सांगता येईना. ग्रंथपालांचं हलकं होतं, नेटशिवाय चालत होतं, आणि उद्या दुसरीकडे जायचं झालं तर सगळे संदर्भ बरोबर नेऊ देत होतं. त्यातही खोड होतीच. नावं कधी उलटी यायची, वर्ष गळायचं. "तेवढं मी हातानं नीट करीन," ताई म्हणाली आणि तिनं सरांना फोन लावला.

"सर, मला तुमचं सॉफ्टवेअर नको."

सर चक्क हसले. "अहो, मी तरी कुठं निवडलं? माझ्या मुलीनं संगणकात घालून दिलं, तेव्हापासून निमूटपणे वापरतोय. तुमचं ठरलं ना? मग लागा कामाला."

आणि ती लागली! दोन बिऱ्हाडं हलली, तिसऱ्यात सगळे संदर्भ आले. मजकुरातला एकेक आकडा पुन्हा टाकावा लागला. दाजींनी माझा पंखा उघडून मूठभर भुसा काढला, नवी बॅटरी बसवली. काय सांगू, मला मोकळा श्वास आला!

दुहेरी नोंदी काढताना ताई एका लेखापाशी थबकली. गोठ्यात रबरी चटई टाकली की गाई कमी लंगडतात, असं म्हणून तिनं त्याचा दाखला दिला होता. "अगंबाई, हा तर मी वाचलेलाच नाही! सगळे याचाच दाखला देतात, म्हणून मीही दिला." तिनं तो लेख उघडला आणि शेवटपर्यंत वाचला. त्यात लिहिलं होतं की, चटई कोरडी असेल तरच फायदा. ओली राहिली तर खूर नरम पडतात आणि त्रास उलट वाढतो. ताईनं तो परिच्छेद पुसला आणि नव्यानं लिहिला. मग बाकीचेही लेख एकेक करून उघडले. जे वाचलेले नव्हते ते वाचले, जे उपयोगाचे नव्हते ते काढून टाकले.

प्रबंध मुदतीत गेला. काही महिन्यांनी तोंडी परीक्षा झाली. मीही टेबलावर होतो. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई पांढऱ्या केसांच्या, करड्या आवाजाच्या. त्यांनी प्रबंध उघडला आणि चटईच्या परिच्छेदावर बोट ठेवलं.

"हे वाक्य कुणाला विचारून लिहिलंत?"

ताईचा चेहरा उतरला. "कुणाला विचारलं नाही. मूळ लेख वाचला आणि लिहिलं."

बाईंनी चष्मा काढला. "हा लेख माझा आहे. आजवर कितीतरी जणांनी त्याचा दाखला दिला, आणि बहुतेकांनी उलटा. तो वाचून आलेली अशी मला तुम्हीच पहिली भेटलात."

ताईला हसावं की रडावं ते कळेना. तिनं दोन्ही केलं.

मित्रांनो, साधन निवडताना दहा जणांना विचारा, पण ठरवा स्वतः, आणि मग त्याची निगा राखा. आमच्यासारख्यांची धूळही अधूनमधून पुसा. मी हजार नावं चुटकीसरशी ओळीनं लावून देईन. पण वाचायचं काम काही मला जमत नाही, ते तुमचं. कुणाचं नाव घ्याल, तर आधी त्याचं म्हणणं नीट ऐकून घ्या. तो माणूस एखाद्या दिवशी टेबलापलीकडे बसलेला असतो.