नाव बंद करायला आलेले काका

थानासिसकाका सकाळच्या बसने गेव्गेलियात उतरले आणि थेट कॅसिनोच्या दाराशी नावं नोंदवायच्या माझ्या टेबलाशी आले. सीमेपलीकडच्या ग्रीसमधून गिऱ्हाईकं आणणारी ही बस आमच्या कॅसिनोचीच, फुकट. तिकडे किल्किसला काकांचं शिवणकामाचं दुकान होतं. बायको गेल्यावर त्यांनी ते विकलं आणि तीन वर्षांत सगळे पैसे आमच्या जुगाराच्या यंत्रांत घातले.

"पोरी, माझं नाव बंद कर. मला दारातसुद्धा उभं करू नका. लेकीला शब्द दिलाय."

त्यासाठीचा फॉर्म मागायला मी मॅनेजर ल्युप्चोकडे गेले.

"आधी जेवू घाल त्यांना," तो म्हणाला. "कोकराचं मटण दे. वर वीस युरोचा खेळ फुकट."

"अहो, ते फॉर्म मागताहेत."

"फॉर्म कुठे पळून जातोय? स्तोयना, यंत्रात शंभर टाकले की सरासरी ब्याण्णव परत येतात. माणूस तेच ब्याण्णव पुन्हा घालतो, मग उरलेले पुन्हा. फसवावं लागतच नाही गं, नुसतं बसवून ठेवायचं. तुझा पगार त्यातूनच निघतो."

काका पोटभर जेवले, मला तोंडभर आशीर्वाद दिला. मग मीच त्यांना यंत्रापाशी नेलं.

"फुकटचा खेळ आहे, काका. वाया कशाला घालवता?"

तासाभराने यंत्र वाजू लागलं. चारशे दहा युरो! काका खुर्चीतून उठून नाचले. ल्युप्चो धावत आला, त्यांना मिठी मारली, फोटो काढला. मला वाटलं होतं, पैसे गेले म्हणून हा चिडेल. तो माझ्या कानाशी पुटपुटला, "आता वर्षभर बघायला नको, हे आपणहून येत राहतील."

"काका, फॉर्म..."

"राहू दे गं! आज नशीब उघडलंय."

माझ्या खिशात दहाची नोट कोंबून ते पुन्हा बसले. पाचच्या बसपर्यंत चारशे दहाही संपले आणि पेन्शनमधले साठही. त्यांनी दिलेली नोट मी परत केली नाही, त्या पैशांतून अंडी आणि तेल आणलं. त्या दिवशी ल्युप्चोपेक्षा मला माझीच जास्त किळस आली.

आठवड्याने त्यांच्या लेकीचा फोन आला. "बाबा म्हणतात, फॉर्म भरला. खरंय का?"

ल्युप्चो शेजारीच उभा होता.

"खोटं आहे, ताई. ते आत्ता आत बसलेत. येऊन घेऊन जा."

दुपारी ती गाडी घेऊन आली आणि काकांना दंडाला धरून बाहेर काढलं. "चुगलखोर!" ते माझ्यावर ओरडले. ल्युप्चोने मला संध्याकाळपर्यंतही थांबू दिलं नाही.

आता मी टोमॅटोची खोकी भरते. पगार निम्मा आहे.