चिंधीचं शेपूट

गोवर्धनने वायर ओढायची स्प्रिंग पुन्हा भिंतीतल्या पाइपात सारली आणि ती पुन्हा त्याच जागी अडली. भिंतीपलीकडच्या खोलीत त्याची बायको पार्वताबाई पाइपाच्या तोंडाला डोळा लावून बसली होती. तिला नुसता अंधार दिसत होता.

“दिसून राहिली का वं?”

“नाई जी.”

ही जागा तिची नव्हती, अंकुरची होती. बापाने इकडून स्प्रिंग सारायची, लेकाने तिकडे धरून तिला वायर बांधायची आणि ‘वढा, बाबा’ म्हणून घर डोक्यावर घ्यायचं. राजापेठेतल्या या नव्या घराचे सगळे पाइप अंकुरनेच भिंतीत बसवले होते. मग उन्हाळ्यात परतवाड्याच्या रस्त्यावर ट्रकने त्याला उडवलं आणि भिंतींना प्लास्टर त्याच्यामागे झालं. तेव्हापासून गोवर्धनने लेकाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. दुसऱ्या कुणी काढलं, तर तो उठून बाहेर जायचा. हाताखाली नवा माणूसही त्याला नको होता. शेवटी पार्वताबाईच पदर खोचून कामावर यायला लागली.

घरमालकीण ज्योत्स्नाताई चहा घेऊन आल्या.

“काका, कायले एवढा त्रास करून घेता? फोडा ना भिंत. अजून रंग कुठं झाला?”

त्यांचं चूक नव्हतं. गोवर्धनने छिन्नी उचलून भिंतीला टेकवली आणि हातोडी हातात तशीच धरून उभा राहिला. पार्वताबाई दारात येऊन पाहत होती. लेकाच्या हातचं हे शेवटचं काम. त्यावर बापानेच घाव घालायचा?

“थांबा जी जरासे.”

ती लगबगीने आपल्या जागी गेली. केसांतला आकडा काढून तिने सरळ केला, पाइपात खुपसला. आत काहीतरी मऊ लागलं. ओढता ओढता निळी चिंधी बाहेर आली. अंकुरच्या जुन्या शर्टाची.

“चिंधी होती,” ती कशीबशी म्हणाली.

प्लास्टर करताना सिमेंट आत जाऊ नये म्हणून पाइपाच्या तोंडात चिंधी कोंबतात. तिचं शेपूट बाहेर ठेवायचं असतं, म्हणजे नंतर ओढून काढता येतं. अंकुर सगळीच्या सगळी आत कोंबायचा आणि रोज बोलणी खायचा.

“अंकुऱ्या, शेपूट काहून नाई ठेवलं बे?” भिंतीपलीकडून गोवर्धन खेकसला. “कितीक खेपा सांगतलं तुले!”

ज्योत्स्नाताई कप तसेच ठेवून हळूच निघून गेल्या. बऱ्याच वेळाने स्प्रिंगचं टोक पाइपातून बाहेर आलं. पार्वताबाईने त्याला वायर बांधली.

“वढा,” ती म्हणाली.

काम संपल्यावर गोवर्धन या खोलीत आला. डोळे लालभडक. पुढेमागे वरचा मजला चढवायचा म्हणून तिथे एक पाइप रिकामाच ठेवला होता. त्याने बायकोच्या हातातून चिंधी घेतली, क्षणभर नाकाशी धरली आणि त्या पाइपाच्या तोंडात कोंबली. शेपूट बोटभर बाहेर ठेवलं, अगदी रीतसर. मग तो हत्यारं पिशवीत भरायला वाकला.

पार्वताबाईने बोटाने ते शेपूट आत ढकललं. पार आत.

गोवर्धनने मान वर करून पाहिलं.

“आता कशी निघन थे?”

“राहू द्या,” ती म्हणाली.